सुती चादरीची पारख : छापील आकडा आणि तराजू

लग्नसराई जवळ आली की अमरावती व अकोल्याच्या कापड बाजारात चादरींची विचारणा वाढते. मुलीच्या लग्नाच्या सामानात चार-सहा चादरी असतातच, आणि ईदच्या आधी घरात नवी चादर अंथरण्याची रीत आपल्या पुष्कळ घरांत आहे. चादर विकणारे आपले बांधवही कमी नाहीत. कोणाचे दुकान आहे, कोणी आठवडी बाजारात किंवा हातगाडीवर माल लावतो, गादी-रजईचा धंदा करणारे मन्सुरी व नद्दाफ बांधव गादीबरोबर चादरही ठेवतात, आणि बऱ्याच भगिनी घरी बसून उशांचे अभ्रे शिवून संसाराला हातभार लावतात. परंतु आपण विकतो ती चादर कोणत्या सुताची, किती धाग्यांची, हे नेमके सांगू शकणारा विक्रेता क्वचितच भेटतो. ठोकवाल्याने 'प्युअर कॉटन, चारशे टी. सी.' म्हटले की तेच गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि गिऱ्हाइकाने शंका काढली तर वर शपथ घ्यायची, असे सर्रास चालते.

शपथ घेऊन माल विकण्याबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट ताकीद दिलेली आहे. अशा शपथेने माल खपतो, पण कमाईतील बरकत पुसली जाते, या आशयाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंगही सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे मालक म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले गेले. आज चादरीच्या गठ्ठ्यात वरची घडी एक आणि आतली घडी दुसरी, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

मात्र आमचे निरीक्षण असे की चादरीच्या धंद्यात छोटा दुकानदार बहुतेक वेळा जाणूनबुजून फसवत नाही. तो स्वतःच फसलेला असतो. त्याला आतला माल ओला आहे की कोरडा, हे तपासताच येत नाही. गिऱ्हाईक मात्र ठोकवाल्याला ओळखत नाही, ते दुकानदारालाच ओळखते. दोन महिन्यांत चादरीचे पोतेरे झाले की ते पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून चादर कशी तपासावी याचा हा पाठ आम्ही देत आहोत. येथे चादर म्हणजे गादीवर अंथरायची, जिला दुकानात बेडशीट म्हणतात ती. पांघरायच्या जाड सोलापुरी चादरीचा विषय निराळा आहे.

कापूस कोणता?

चादरीचा मूळ गुण कापसाच्या तंतूत असतो, आणि कापसाचे ज्ञान वऱ्हाडी माणसाला बाहेरून आणावे लागत नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, त्यामागे इथल्या कापसावरचा डोळा हे एक मोठे कारण होते. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्याकडील कापूस 'उमरा' या नावाने ओळखला जाई. उमरावती, म्हणजे अमरावती, यावरून ते नाव पडले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा या उमऱ्याला मोठा भाव आला होता. पण तो कापूस आखूड तंतूचा, जाडेभरडे सूत निघणारा होता. अमेरिकन कापूस पुन्हा सुरू होताच लँकेशायरच्या गिरण्यांनी पाठ फिरवली.

आज परिस्थिती वेगळी आहे. संकरित वाण आले, २००२ नंतर बी. टी. वाण आले, आणि आपल्या भागात बहुतांश २८ ते ३० मिलिमीटर तंतूचा कापूस पिकू लागला. या कापसापासून ३० व ४० नंबरचे सूत चांगले निघते. चादरीला यापेक्षा अधिक काही लागत नाही. ३२ मिलिमीटरच्या पुढचा अतिलांब तंतू, म्हणजे इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा किंवा आपल्या दक्षिणेतील सुविन, हा ८० व १०० नंबरच्या तलम सुतासाठी लागतो. वऱ्हाडच्या बाजारात साध्या भावाला मिळणाऱ्या चादरीवर 'इजिप्शियन कॉटन' छापलेले दिसले तर ते वाचून पुढे जावे, त्यावर विश्वास ठेवू नये.

तंतूची लांबी एवढी महत्त्वाची का, हे पिंजणारा बांधव चटकन समजेल. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली की तंतू आखूड आहे की लांब, हे त्याच्या बोटांना कळते. आखूड तंतूचे सूत कातले की प्रत्येक धाग्यावर असंख्य टोके बाहेर राहतात. धुताना, अंग घासताना ती टोके उठतात, त्यांचे बारीक गोळे होतात, आणि तेवढे सूत दुबळे होते. म्हणून चांगल्या गिरणीत रुई नुसती पिंजून थांबत नाहीत, तिला विंचरतात. विंचरताना शेकडा १२ ते १८ भाग आखूड तंतू बाजूला निघतो. 'कोम्ड' सूत 'कार्डेड' सुतापेक्षा महाग असते ते याच घटीमुळे. दोन चादरी शेजारी ठेवून उजेडाकडे तिरप्या धरल्या तर कार्डेड सुताच्या पृष्ठावर लव दिसते, कोम्ड सुताचा पोत स्वच्छ दिसतो.

फरदडीचा कापूस लांबवला की काय होते, तेही चादरीवर दिसते. हंगाम संपल्यावर पाणी देऊन काढलेल्या कापसात अपक्व तंतू फार असतात. ते रंग धरत नाहीत. गर्द रंगाच्या चादरीवर मोहरीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दिसले तर ते बहुधा अशा तंतूंच्या गाठींचे असतात. दुसरा दोष प्लॅस्टिकच्या पोत्यांचा. पोत्याचा सुटलेला धागा कापसात मिसळतो, गिरणीत तो कापसाबरोबर कातला जातो, आणि कापड रंगवल्यावर तो वेगळा उठून दिसतो. वेचणीला सुती कापडाची झोळी वापरा, असे शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाते ते यासाठीच.

एकेकाळी अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल अशा गिरण्या इथल्या इथे सूत कातून कापड विणत होत्या. त्या काळाच्या ओघात बंद झाल्या. आपला बहुतेक कापूस गाठी बांधून परप्रांतात जातो आणि चादर होऊन परत येतो. दरम्यानच्या प्रत्येक हाताचा नफा आपण भरतो. अमरावतीच्या पी. एम. मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे. त्यातून छोट्या माणसाच्या हाती काय पडते ते पुढे कळेल. तोपर्यंत निदान परत आलेल्या मालाची पारख आपल्याला असावी.

टी. सी. म्हणजे काय?

बाजारात या दोन अक्षरांइतका घोटाळा दुसऱ्या कशानेही केलेला नाही. जुने कापडवाले टी. सी. म्हणजे टेरिकॉट समजतात, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांचे मिश्रण. चादरीच्या पाकिटावरचे टी. सी. म्हणजे थ्रेड काउंट: एक चौरस इंचात उभे धागे किती आणि आडवे धागे किती, यांची बेरीज. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर यालाच रीड-पीक म्हणतात. समजा इंचात ११० उभे आणि ९० आडवे धागे असतील, तर ती चादर २०० टी. सी.ची झाली.

सुताचा नंबर ही वेगळी गोष्ट आहे. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी निघतात तितका त्याचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. २० नंबरचे सूत जाड, ४० नंबरचे मध्यम, ६० नंबरचे तलम. टी. सी. आणि नंबर या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय चादरीची माहिती पुरी होत नाही. नुसता टी. सी. सांगणे म्हणजे घरात किती विटा आहेत ते सांगून विटेचा आकार न सांगण्यासारखे आहे.

आता लबाडी कोठे होते ते पाहा. एका इंचात धागे बसायला जागा ठरावीकच असते. साध्या एकेरी सुताने ४०० च्या पलीकडे जाणे फार अवघड व फार खर्चाचे आहे. मग पाकिटावर ६००, ८००, १००० कसे छापतात? दोन किंवा चार बारीक पदर एकत्र पिळून एक धागा केला, की मोजताना त्या एका धाग्याचे दोन किंवा चार धरतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २००५ मध्येच असे मत दिले होते की पदर वेगळे मोजून फुगवलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो. तरीही हा प्रकार जगभर चालू राहिला. आपल्याकडे तर पदरही नसतात, नुसता छाप असतो.

मोठ्या व्यापारातही असे घडते आणि त्याची किंमत किती पडते, याचे उदाहरण २०१६ चे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पन इंडिया या आपल्या देशातील कंपनीशी व्यवहार तोडला. इजिप्शियन कापसाच्या म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व अभ्रे दुसऱ्याच कापसाचे निघाले, असे टार्गेटचे म्हणणे होते. काही दिवसांतच वेलस्पनच्या शेअरचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. लक्षात घेण्याची गोष्ट ही की तक्रार फाटण्याची किंवा रंग जाण्याची नव्हती. नाव एक आणि माल दुसरा, एवढीच होती.

तराजू खोटे बोलत नाही

धागे मोजायला पीक ग्लास नावाचे छोटे भिंग मिळते. नसेल तर नमुन्याच्या कापडाचा बरोबर एक इंच चौरस तुकडा कापावा आणि सुईने एकेक धागा सोडवून मोजावा. दहा मिनिटांचे काम आहे. पण प्रत्येक दुकानदार हे करणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून त्याहून सोपा उपाय सांगतो. त्याला फक्त किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो.

चादरीची लांबी व रुंदी इंचात मोजा, गुणाकार करा आणि १५५० ने भागा. चौरस मीटर निघतील. ९० बाय १०० ची चादर घेतली तर ९००० भागिले १५५०, म्हणजे सुमारे ५.८ चौरस मीटर. चादरीचे ग्रॅममधील वजन या आकड्याने भागले की एका चौरस मीटरचे वजन मिळते, ज्याला व्यापारी जी. एस. एम. म्हणतात. समजा चादर ७०० ग्रॅम भरली, तर जी. एस. एम. सुमारे १२० झाले.

आता दुसरा हिशेब. सुती कापडाचा टी. सी. भागिले सुताचा नंबर, गुणिले २५, बरोबर जी. एस. एम. हा अंदाजी हिशेब आहे, थोडे मागेपुढे होते, पण खोटे पकडायला पुरेसा आहे. २० नंबरच्या सुताची ६० बाय ६० रीड-पीकची चादर घ्या: १२० भागिले २०, गुणिले २५, म्हणजे १५०. ४० नंबरची २०० टी. सी.: १२५. ६० नंबरची ३०० टी. सी.: पुन्हा १२५. दोन चादरींचे वजन सारखे, पण दुसरी जास्त तलम.

हाच हिशेब उलटा करा. ७०० ग्रॅमच्या त्या चादरीवर ४०० टी. सी. छापले आहे. मग सूत किती नंबरचे असायला हवे? ४०० गुणिले २५ भागिले १२०, म्हणजे जवळजवळ ८३ नंबरचे. एवढे तलम सूत अतिलांब तंतूचे, विंचरलेले आणि महाग असते. ठोकवाला साध्या भावात ते कोठून देणार? हाताला जर ते ४० नंबरचे लागत असेल, तर खरा टी. सी. १९० च्या आसपास आहे. दुकानात बसल्या बसल्या दोन मिनिटांत हे कळते. ठोकवाल्याला हा हिशेब तोंडावर करून दाखवला की पुढच्या वेळी तो पाकिटावरचा आकडा वाचून दाखवत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

एक खबरदारी घ्यावी. वजन करण्याआधी नमुना धुऊन वाळवून घ्यावा, कारण कोऱ्या कापडात खळ असते आणि खळीचे वजनही तराजू मोजतो.

खळ, भेसळ आणि रंग

विणताना उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतातच; तो दोष नाही. चांगल्या प्रक्रियेत ती खळ पुढे धुऊन काढतात. दोष तेव्हा, जेव्हा विरळ कापड दाट वाटावे म्हणून पुन्हा स्टार्च आणि चिनी माती भरतात. ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कोऱ्या कापडात एवढी खळ असे की ओलाव्याने त्याला बुरशी लागून तक्रारी होत. ओळखायला चादरीचे टोक दोन्ही हातांनी काळ्या कापडावर चोळावे. पांढरी भुकटी पडली तर समजावे. औषधाच्या दुकानातील टिंक्चर आयोडीनचा एक थेंब नमुन्यावर टाकला आणि तो निळा-काळा झाला तर स्टार्च आहेच.

पॉलिस्टरची भेसळ ओळखण्यासाठी उभे दोन व आडवे दोन धागे काढून वेगवेगळे जाळावेत. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात विरघळते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. दोन्ही बाजूंचे धागे वेगळे तपासायचे कारण असे की काही मालात एका बाजूला सूत आणि दुसऱ्या बाजूला पॉलिस्टर घालतात. 'ग्लेस कॉटन' या नावाने जो स्वस्त, चकचकीत, मऊ माल विकला जातो, तो नावात कॉटन असले तरी बहुतेक पॉलिस्टरच असतो. तो विकू नये असे आम्ही म्हणत नाही. गरिबाला तो परवडतो, लवकर वाळतो, टिकतोही. पण सुती म्हणून विकणे हराम कमाईकडे नेणारे आहे, आणि उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा त्यावर झोपणाऱ्याला रात्रभर घाम शोषला जात नाही हेही खरे. गोळ्यांवरूनही फरक कळतो. सुताचे गोळे काही धुण्यांनंतर गळून पडतात, पॉलिस्टरचे गोळे चिकटून राहतात.

या उष्णतेमुळेच आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या भागातील गिऱ्हाइकाला १४० ते २१० टी. सी.ची, ३० किंवा ४० नंबरच्या सुताची, साध्या विणीची चादर सर्वांत उत्तम. हवा खेळते, घाम टिपते, लवकर वाळते. साटीन विणीत आडवा धागा चार उभ्या धाग्यांवरून जातो, त्याने चमक व मऊपणा येतो, पण कापड दाट होते, उकडते आणि बांगडी, पैंजण अडकून धागे निघतात. लग्नाच्या खोलीसाठी एखादी साटीनची घ्यावी, रोजच्यासाठी नव्हे.

रंगाबाबत ओल्या पांढऱ्या फडक्याची परीक्षा सर्वांना माहीत आहे. दहा वेळा जोर देऊन घासावे. लाल, मरून, गर्द निळा आणि काळा हे रंग आधी तपासावेत. पिगमेंटची छपाई असेल तर छापलेल्या जागी कापड ताठ लागते आणि उलट बाजूला रंग फिका असतो. रिअॅक्टिव्ह रंगाची छपाई हाताला वेगळी जाणवत नाही आणि धुण्याला टिकते. कच्चा रंग मिठाच्या पाण्यात भिजवून पक्का होतो हा समज चुकीचा आहे. गिऱ्हाइकाला तसा सल्ला देऊन वेळ मारून नेऊ नये. उन्हाची परीक्षाही करावी. नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो आठवडाभर गच्चीवर ठेवावा, मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग पाहावेत.

आपल्या भागाचा एक खास मुद्दा येथे सांगितला पाहिजे. बाळापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातील पुष्कळ विहिरी खारपाण पट्ट्यात येतात. तिथे साबणाला फेस येत नाही, साबणाचा चिकट साका कापडात बसतो, पांढरी चादर करडी पडते आणि मऊ चादर कडक होते. गिऱ्हाईक म्हणते, चादर खराब निघाली. वास्तविक दोष पाण्याचा असतो. अशा गावांत विकायचा माल त्याच पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन पाहावा. शुभ्र पांढऱ्यापेक्षा हलक्या रंगाच्या किंवा बारीक नक्षीच्या चादरी तिथे ठेवाव्यात, आणि साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरायला सांगावे.

मापात कसूर

दिव्य कुरआनातील एका सूरहची सुरुवातच माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होते, आणि हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना ज्या गोष्टींबद्दल सावध केले त्यात मापाची गोष्ट प्रमुख होती. चादरीच्या धंद्यात मापाची चोरी दोन प्रकारे होते. ९० बाय १०० छापून ८७ बाय ९६ देणे हा उघड प्रकार. दुसरा प्रकार आटण्याचा: दुकानात माप बरोबर भरते, पहिल्या धुण्यात चार-पाच इंच जातात.

आटणे तपासण्यासाठी नमुन्यावर रंगीत दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौरस टाका घालून काढावा. कापड अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावे. ४८.५ आले तर शेकडा ३ आटले, हे चांगले. शेकडा ५ पर्यंत चालवून घ्यावे. त्यापुढचा माल परत करावा.

गिऱ्हाइकाला गादीची जाडी विचारण्याची सवय लावून घ्या. ७२ बाय ७८ इंचांची, ६ इंच जाड गादी असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून १२ इंच वाढतात. रुंदी ८४ झाली. ९० च्या चादरीला प्रत्येक बाजूस ३ इंच खोचायला उरतात. तीच गादी ८ इंचांची असेल तर जेमतेम एक इंच उरतो आणि पहिल्या धुण्यानंतर तोही जातो. अशा गिऱ्हाइकाला १०८ बाय १०८ दाखवली पाहिजे. जास्त किमतीची म्हणून नव्हे, बसते म्हणून.

मधोमध जोड असलेली चादर स्वस्त पडते, कारण ती कमी पन्ह्याच्या मागावर विणलेल्या कापडाची असते. जोड काही दोष नाही. पण तो घडीच्या आत लपवून विकणे दोष आहे. वर धान्याच्या ढिगाची गोष्ट आली ती हीच.

शिवणाऱ्या भगिनींसाठी

आम्हाला सर्वांत आशा वाटते ती या कामात. तयार चादरीऐवजी ९० इंच पन्ह्याचा ताका आणून घरी शिवल्यास मालाची परीक्षा आधी करता येते आणि शिलाईची मजुरी घरात राहते. हिशेब असा: ९० बाय १०० च्या चादरीला लांबीकडून दुमडीसाठी ३ इंच धरून १०३ इंच कापड लागते. १७ बाय २७ च्या अभ्ऱ्याला, आतली झडप धरून, १९ इंच रुंद व सुमारे ६२ इंच लांब पट्टी लागते. ९० इंचांच्या पन्ह्यात अशा चार पट्ट्या बसतात, म्हणजे ६२ इंचांत दोन जोड्या. एका जोडीला ३१ इंच पडले. चादर व दोन अभ्रे मिळून १३४ इंच, म्हणजे ३.४ मीटर. १०० मीटरच्या ताक्यात २९ संच निघतात. पट्ट्यांच्या बाजूला जी चिंधी उरते तिच्या लहान मुलांच्या गोधड्या होतात.

दुमड दुहेरी घालावी, इंचाला किमान दहा टाके यावेत, आणि दोरा चादरीच्या सुतापेक्षा दुबळा नसावा. किनारीकडची बाजू दुमडली नाही तरी चालते, पण किनार घट्ट विणलेली असल्यामुळे ती कधी कापडापेक्षा जास्त आटते आणि चादर कडेने गोळा होते. तसे नमुन्यात दिसले तर किनार कापून दुमड घालावी आणि चादरीची रुंदी त्याप्रमाणे कमी लिहावी.

प्रत्येक संचात एक चिठ्ठी घालावी आणि तीवर चार ओळी स्वच्छ अक्षरांत लिहाव्यात: शुद्ध सूत की मिश्र, सुताचा नंबर व मोजलेला टी. सी.; धुण्यापूर्वीचे माप आणि धुतल्यावरचे माप; जोड आहे की एकसंध. बिलावरही हेच लिहावे. ठोकवाल्याकडून माल घेताना त्याच्या बिलावरही हेच लिहून मागावे. जो लिहून देत नाही त्याचा एकच नग विकत घ्यावा, घरी आणून तोलावा, धुवावा, जाळून पाहावा, आणि मगच गठ्ठ्याची गोष्ट काढावी.